खुणेचे झाड

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदड या गावाचे नाव घेताना आपण एका झाडाचेही नाव घेत असतो, हे आज फार थोड्यांच्या ध्यानात येते. दसऱ्याला जिची पूजा होते त्या शमीचे मराठी नाव सौंदड. हे गाव ज्या तालुक्यात आहे तो सडक अर्जुनी, शेजारचा अर्जुनी मोरगाव. दोन्ही नावांत पाण्याकाठचा अर्जुन ऐकू येतो. याच जिल्ह्यात आमगाव आहे, चिचगड आहे, वडेगाव आहे. या साऱ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, इथली बोली झाडीबोली आणि इथली नाटकेही झाडीपट्टीचीच. माणसांनी आपली ओळख इतक्या उघडपणे झाडांकडून घेतली आहे, असे प्रदेश महाराष्ट्रात फार नाहीत. याच सौंदडवरून मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. ‘राष्ट्रीय’ हा शब्द इथे डांबरावर उतरलेला आहे, आणि नेमका इथेच एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. रस्ता, बाग, तलावाचा काठ, शाळेचे आवार यांची झाडांनिशी जी मांडणी होते, जिला आपण लँडस्केप किंवा भूदृश्यरचना म्हणतो, तिच्यात देशाची ओळख कशी उतरते? कमळाच्या आकाराच्या कारंज्यातून, वडाचे पान कोरलेल्या कमानीतून, की आणखी कशातून?

परंपरेत वनस्पतीचे चिन्ह कसे घडले, ते आधी पाहू. सांचीच्या तोरणांवर कमळाच्या वेली आहेत, अजिंठ्याच्या छतांवर कमळे आहेत, आणि त्याच कमळांची आठवण पैठणीच्या पदरावर उतरली आहे. पैठणीतली आसावली ही फुलवेल आणि नारळी काठ हेही त्याच घराण्यातले. कारागिराने हे आकार हवेतून आणले नव्हते. ज्या तळ्यातून तो पाणी भरत होता त्यातच कमळ उमलत होते. रोज पाहिलेले, पूजेत वापरलेले, खाल्लेले, औषधाला उगाळलेले झाड हळूहळू रेषेत उतरले. या नात्याचा सर्वांत मोठा दाखला सम्राट अशोकाचा आहे. त्याच्या स्तंभशीर्षांखाली उलट्या कमळाची घंटेसारखी बैठक असते, आणि त्याच राजाच्या स्तंभलेखात रस्त्यांवर माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावल्याचा, आमराया उठवल्याचा आणि विहिरी खणल्याचा उल्लेख आहे. दगडावर कमळ आणि रस्त्यावर वड, दोन्ही एकाच राज्याची कामे होती. 26 जानेवारी 1950 रोजी आपण सारनाथचे सिंहशीर्ष राजमुद्रा म्हणून स्वीकारले, तेव्हा ती कमळाची बैठक मात्र मुद्रेतून गळली. चौकटीत बसवण्यासाठी ते करावे लागले असेल, पण पुढे जे सगळीकडे घडत गेले त्याची ती खूण वाटते. चिन्ह उरले आणि त्याला उभे ठेवणारी वनस्पती खालून निसटली.

हे निसटणे एकदम होत नाही. एका झाडाच्या जागी दुसरे उभे राहते आणि नाव तेच राहते, म्हणून बदल कळत नाही. दसऱ्याचेच पाहा. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे शमीवर ठेवली म्हणून पूजा शमीची. महाराष्ट्रात सोने म्हणून वाटायला आपट्याची पाने आली. आपटा आपल्या डोंगरउतारांवर आणि रानात सहज सापडणारा, तेव्हा ही बदली समजण्यासारखी होती. आता शहरांच्या बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात, कारण दोन्हींची पाने जोडपानासारखी दुभंगलेली असतात. कांचन उद्यानांत मुबलक आहे, फांदी तोडायला सोपी आहे. शमी, आपटा, कांचन अशा तीन पायऱ्यांत सण तसाच राहिला, ‘सोने घ्या’ हे शब्दही तसेच राहिले, पण ज्याला सोने म्हणायचे ते झाड ओळखणारी नजर गेली. माझे म्हणणे या ठिकाणी सुरू होते. वनस्पतीचे चिन्ह समाजाची ओळख तोवरच वाहते, जोवर त्या चिन्हामागचे जिवंत झाड आपल्या परिसरात उभे आहे आणि त्याच्याबाबत आपल्यावर काही कर्तव्य आहे. झाड गेले की चिन्ह केवळ सजावट होते. म्हणून भूदृश्यरचनेत राष्ट्रीय ओळख आणायची असेल तर तिची सुरुवात राजधानीतल्या यादीतून करून चालणार नाही. ती गावाच्या मातीतून, पाण्यातून आणि कामातून करावी लागेल.

या बदलीचे सर्वांत ठळक उदाहरण अशोक वृक्षाचे आहे. सीतेची अशोकवाटिका, संस्कृत काव्यातला सुंदरीच्या पदाघाताने फुलणारा अशोक, शिल्पांतल्या शालभंजिकांच्या हातातल्या डहाळ्या, या साऱ्यांमुळे अशोक हा भारतीय कलेचा मानाचा वृक्ष. त्याचा नारिंगी-लाल फुलोरा खोडाला आणि फांद्यांना लगटून येतो, कोवळी पाने तांबूस आणि लोंबती असतात. आज मात्र ‘अशोक’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बंगल्याच्या फाटकाशी, शाळेच्या कुंपणाशी शिपायासारखे उभे असलेले उंच, निमुळते झाड येते. ते वेगळ्याच कुळातले आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचे मूळ घर, आणि मराठीत त्याला खोटा अशोक किंवा आसुपालव असे नाव आहे. ते वाईट झाड नाही. कमी जागेत मावते, धूळ अडवते, सदा हिरवे राहते. पण त्याने नाव घेतले आणि खऱ्या अशोकाला वेगळे ओळखण्यासाठी आपल्याला ‘सीताअशोक’ म्हणावे लागू लागले. खरा अशोक इकडे सालीच्या औषधी मागणीमुळे रानातून विरळ होत जागतिक पातळीवर असुरक्षित ठरलेल्या प्रजातींत जाऊन बसला. ज्या देशाने आपल्या एका थोर सम्राटाचे नाव या झाडाशी जोडलेले ऐकले आहे, त्या देशात पिढ्यांनी हे झाड न पाहताच त्याची गोष्ट शिकावी, हे नुकसान आहे.

जुन्या रचनांमध्ये चिन्ह आणि झाड यांना एकत्र ठेवण्याची युक्ती होती. पंचवटी हा शब्द आपण नाशिकमुळे स्थळनाम म्हणून ओळखतो, पण ती लागवडीची एक मांडणीही आहे. पूर्वेला पिंपळ, उत्तरेला बेल, पश्चिमेला वड, दक्षिणेला आवळा आणि आग्नेयेला अशोक अशी ती स्कंदपुराणाच्या नावाने सांगितली जाते. या पाचांत सावली आहे, फळ आहे, औषध आहे, पूजेचे पान आहे. डोळ्यांना सुखावणारी बाग आणि उपयोगाची बाग असा भेद तिथे नाही. सत्तावीस नक्षत्रांना सत्तावीस झाडे देणारी नक्षत्रवनाची कल्पनाही अशीच, आणि तिच्यात धनिष्ठेच्या वाट्याला शमी येते. याहून खोल गेलेली पद्धत झाडीपट्टीच्या गोंड समाजात आहे. प्रत्येक गोत्राने एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी आपला मानून जपायचा, अशी गोंड परंपरा सांगते. ज्या गोत्राचे जे झाड, त्या गोत्राने ते तोडायचे नाही. ओळख म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. तुमचे चिन्ह तेच, ज्याला हात लावताना तुम्ही थांबता. आजची नक्षत्रवने मात्र पुष्कळदा या तत्त्वाला विसरतात. कृष्णागरूपासून खैरापर्यंत वेगवेगळ्या हवामानांतली झाडे एका चौकोनात, प्रत्येकी एक, नावाच्या पाटीसह लावली की वन होत नाही. त्यातली बरीच झाडे त्या मातीत तग धरत नाहीत, आणि मग पाटी उरते, झाड नसते.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. देशी झाडाचा एवढा आग्रह धरायचा, तर दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूचे काय? झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. देवळाच्या आवारातला चाफा, ज्याला आपण खुरचाफा म्हणतो, तोही अमेरिकेतून आला. सीताफळाच्या नावात सीता आहे, पण फळ अमेरिकेचेच. हे सारे उपटून टाकायचे का? मुळीच नाही. झेंडू कोणाच्या जागी, कोणाचे नाव घेऊन आला नाही. तो आला, शेतकऱ्याच्या बांधावर रुजला, त्याच्या पिकाचा दर दसऱ्याला ठरू लागला, बैलाच्या गळ्यात आणि यंत्राच्या चाकावर तो चढला. शेकडो वर्षांच्या अशा देवाणघेवाणीतून परके फूल घरचे होते. दुसरीकडे मध्य अमेरिकेतून आलेली सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया यांचे पाहा. सरकारी लागवडीत ती झपाट्याने पसरली. चारा, सरपण, हिरवळीचे खत म्हणून त्यांचा उपयोग आहेच. पण त्यांच्या नावाने सण नाही, गाणे नाही, आणि जिथे ती दाट झाली तिथे रानातल्या रोपांना उन्हाची जागा राहिली नाही. तेव्हा कसोटी जन्मस्थळाची नाही. झाडाने इथल्या माणसांशी आणि इथल्या जिवांशी नाते जोडले की दुसऱ्याची जागा बळकावली, ही कसोटी आहे. गुलमोहर मादागास्करचा म्हणून त्याचा द्वेष करण्याचे कारण नाही; फक्त तो पळसाच्या जागी उभा केला जाऊ नये, एवढेच.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. राष्ट्र आणि वनस्पती यांची सांगड घातली की ती माणसांपर्यंत पोहोचते आणि विषारी होते, असे इतिहास सांगतो. नाझी काळातल्या जर्मनीत भूदृश्यरचनेला जर्मन मातीच्या शुद्धतेची भाषा चिकटली होती. 1942 मध्ये तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने आशियातून आलेल्या एका छोट्या रोपाविरुद्ध जणू युद्धच पुकारले, आणि त्या लढ्याची तुलना बोल्शेविझमविरुद्धच्या लढ्याशी केली. ते रोप आपल्या तेरड्याच्या वंशातले होते. गौरीच्या सणात आपण ज्याची पूजा करतो त्याच्या भावंडाला तिथे शत्रू ठरवले गेले, हे लक्षात ठेवले तर ‘देशी’ हा शब्द जपून वापरावा लागतो. पण त्याच शतकात दुसरे उदाहरणही घडले. ब्राझीलचे चित्रकार आणि उद्यानरचनाकार रॉबर्टो बुर्ले मार्क्स तरुणपणी बर्लिनला गेले, तेव्हा तिथल्या वनस्पती उद्यानाच्या काचघरात त्यांना आपल्याच देशाची झाडे नव्याने दिसली. ब्राझीलमधल्या बागा त्या वेळी युरोपीय फुलांनी सजत होत्या. बुर्ले मार्क्सांनी परतल्यावर रानातली झाडे शोधली, वाढवली आणि आधुनिक चित्रांसारख्या बागांतून मांडली. त्यांनी कोणाला हाकलले नाही; जे दुर्लक्षित होते त्याला पुढे आणले. राष्ट्रीय ओळखीचा हा निरोगी मार्ग आहे. आपली शमीसुद्धा हेच शिकवते. राजस्थानात ती खेजडी म्हणून राज्यवृक्ष आहे आणि 1730 मध्ये तिच्यासाठी अमृतादेवींसह 363 बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिल्याची स्मृती तिथे जपली जाते. तेलंगणात ती जम्मी म्हणून राज्यवृक्ष आहे. वाळवंटापलीकडे संयुक्त अरब अमिरातीत घाफ या नावाने तीच राष्ट्रीय वृक्ष आहे. एकच झाड इतक्या जणांचे ‘आपले’ असू शकते आणि त्यात कोणाचेही काही कमी होत नाही.

तिसरी शंका उलट बाजूने येते. देशी झाडांची एक यादी करून ती देशभर लावली की काम झाले, असे का म्हणू नये? कारण यादी आणि नाते या वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजांनी नवी दिल्ली बांधली तेव्हा तिथल्या रुंद रस्त्यांवर जांभूळ, कडुनिंब, अर्जुन, चिंच अशी भारतीय झाडेच लावली, रांगेने आणि शिस्तीने. आज ती दिल्लीकरांना प्रिय आहेत आणि तशी असावीतही. पण ती लावताना त्यांनी जो देखावा उभा केला तो साम्राज्याचा होता. झाड देशी असले म्हणून रचना आपोआप लोकांची होत नाही. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, आणि महाराष्ट्राने 2016 मध्ये 2 कोटींपासून 2019 मध्ये 33 कोटींपर्यंत वृक्षलागवडीचे संकल्प केले. संकल्पामागची कळकळ खरी असली तरी कोटींच्या हिशेबात कोणते झाड, कोणत्या मातीत, कोणाच्या देखरेखीखाली हा प्रश्न मागे पडतो. वड राष्ट्रीय वृक्ष, आंबा महाराष्ट्राचा राज्यवृक्ष, तामण राज्यपुष्प. तिन्ही मानाला योग्य आहेत. तामण तर महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला जांभळ्या फुलांनी भरून येते. पण तामणाला ओल लागते आणि वडाला ऐसपैस जागा. सन्मान म्हणून त्यांना सिमेंटच्या चौथऱ्यात कोंबले, तर तो सन्मान झाडाला सोसत नाही.

आता रस्ते आणि रोपवाटिका सांभाळणाऱ्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. महामार्गाच्या दुभाजकात मोठे झाड लावता येत नाही. समोरच्या दिव्यांचा झोत अडवणारे, उन्हात तगणारे, गुरे खाणार नाहीत असे झुडूप लागते. कण्हेर यासाठीच सगळीकडे दिसते, आणि ती निवड चुकीची नाही. पण निरगुडी आणि अडुळसा यांनाही गुरे तोंड लावत नाहीत, आणि धायटीची तांबडी फुले उन्हाळ्याच्या तोंडाला दुभाजक उजळू शकतात. खरी अडचण रोपवाटिकेत आहे. सुबाभूळ आणि गुलमोहर यांचे कठीण कवचाचे बी वर्षानुवर्षे टिकते, सहज उगवते. मोहाचे बी मात्र थोड्याच आठवड्यांत मरते; फळ पडले की लगेच पेरावे लागते. म्हणून दूरच्या मोठ्या रोपवाटिकेत मोह क्वचित आणि गुलमोहर भरपूर. आपल्या रस्त्यांचे रूप संस्कृतीने नव्हे, बियांच्या साठवणीने ठरत आले आहे. यावर उपाय जवळची रोपवाटिका हाच आहे, जिथे त्याच रानातले बी त्याच आठवड्यात मातीत जाईल. केंद्राने 2015 मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर केले, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. नोंदवहीत गावाने आपली झाडे, त्यांची नावे, त्यांचे उपयोग लिहायचे असतात. या दोन कागदांची गाठ घालून द्यावी, एवढीच मागणी आहे: गावातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेची झाडे गावाच्या नोंदवहीतून निवडावीत.

सौंदडपुरते बोलायचे तर ही निवड अवघड नाही. चुलबंद नदीच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, हे इथले सर्वांत मोठे भूदृश्यशिल्प. उतार ओळखून पाळ घातली, पाळीखाली धानाच्या बांध्या पाडल्या, धुऱ्यांवर म्हणजे शेताच्या बांधांवर झाडे राखली. या प्रदेशातल्या तलावाच्या काठी अर्जुन लावला तर त्याची मुळे माती धरतात, आणि अर्जुन व ऐन यांवर टसरचा किडा पोसला जातो. पूर्व विदर्भातला कोसा त्यातूनच येतो. धुऱ्यावरचा पळस फाल्गुनात पेटतो आणि त्याच्या फांद्यांवर लाख घेतली जाते. मोह फूल देतो, तेंदू पान देतो. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींनी याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या अरण्यात राहून या झाडांची, पाखरांची आणि त्यांच्या स्थानिक नावांची नोंद केली, तेव्हा मराठी भाषा या जंगलाने किती समृद्ध होऊ शकते ते महाराष्ट्राला कळले. तलावात कमळ असेल तर काठावर सिमेंटचे कमळ बसवण्याची गरज उरत नाही. कागदावरचे कमळ कोणीही उचलू शकतो. तळ्यातले कमळ त्या पाण्याची काळजी घेणाऱ्यांचे असते, आणि पाणी गढुळले की ते सर्वांना सारखेच जाब विचारते.

आणि शमी? ती मुळात कमी पावसाच्या मुलखातली. धानाच्या ओल्या बांधीत ती रमणार नाही. म्हणून सौंदडचा रस्ता दुतर्फा शमीने भरून टाकावा असे कोणी म्हणू नये, ते पुन्हा चिन्हासाठी झाडाचा बळी देणे होईल. पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर, गावाच्या शिवेशी एक शमी पुरे. दसऱ्याच्या रीतीत तिची जागा नेमकी हीच आहे. शमीपूजनासाठी लोक वाजतगाजत गावाची सीमा ओलांडून जातात. त्याला सीमोल्लंघन म्हणतात. आपल्या ओळखीचे झाड आपण घराच्या मध्यावर, कुंपणाच्या आत ठेवलेले नाही. ते शिवेवर आहे, जिथे आपले गाव संपते आणि दुसऱ्याचे दिसू लागते, आणि त्याच्यापर्यंत जायचे तर आपल्याला आपल्याच हद्दीबाहेर पाऊल टाकावे लागते. राष्ट्राची ओळख सांगणारी भूदृश्यरचना कशी असावी, याचे उत्तर या जुन्या रीतीत आहे. झाड आपल्या मातीचे असावे, त्याची राखण आपल्याकडे असावी, आणि त्याच्या सावलीला येणाऱ्याला तो कोणत्या गावचा, हे विचारले जाऊ नये.